पित्ताची गोळी घेण्यापूर्वी, घेताना आणि थांबवताना

माझ्या वडिलांच्या औषधांच्या डब्यात पँटोप्राझोल या आम्ल दाबणाऱ्या गोळीची पट्टी नेमकी कधीपासून आहे, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हते. जुनी कागदपत्रे काढून पाहिली तेव्हा कळले की, मांडीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडताना दिलेल्या कागदावर वेदनाशामक गोळ्यांच्या जोडीला ती लिहिलेली होती. वेदनाशामक गोळ्या तीन आठवड्यांत बंद झाल्या. ही मात्र सहा वर्षे चालू राहिली, आणि तीही रोज दुपारी जेवण झाल्यावर बाकीच्या गोळ्यांबरोबर, म्हणजे जेव्हा तिचा उपयोग सर्वांत कमी होतो अशा वेळी. त्यांच्या रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व बरेच खाली गेलेले आढळले. त्याला आयुष्यभराचा शाकाहार आणि मधुमेहासाठी चालू असलेली मेटफॉर्मिन हीही कारणे होतीच, पण आम्ल दाबणारी ही गोळी त्यांत भर घालणारी होती, आणि ती कशासाठी चालू आहे याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. असा डबा अनेक घरांत असतो, म्हणून आम्ल का लागते, ते त्रास केव्हा देते आणि त्यावरची औषधे कशी घ्यावीत व कशी सोडावीत, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

‘पित्त झाले’ म्हणजे नेमके काय झाले, हे आधी ठरवावे

मराठीत ‘पित्त’ हा एकच शब्द आपण चार-पाच निरनिराळ्या तक्रारींसाठी वापरतो आणि उपचार चुकण्याची सुरुवात बहुधा तिथेच होते. छातीत जळजळते, घशाशी आंबट येते, तेही पित्त. अर्धे डोके ठणकते, उजेड सहन होत नाही आणि उलटी झाल्यावर बरे वाटते, तेही पित्त. अंगावर लाल गांधी उठतात, तेही पित्त. यांपैकी पहिली तक्रार जठरातील आम्लाशी संबंधित असते. दुसरी पुष्कळदा अर्धशिशी असते, आणि त्यातील मळमळ हा डोकेदुखीचा परिणाम असतो, कारण नव्हे. अंगावर उठणारे पित्त ही त्वचेची ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया असून तिचा जठराशी सहसा संबंध नसतो. शरीरशास्त्रातले पित्त तर आणखी वेगळे: ते यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते, लहान आतड्यात उतरते आणि स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करते. उलटीत पिवळे-हिरवे, कडू पाणी पडले तर ते हे पित्त होय; जठरातील आम्ल आंबट असते आणि त्याला स्वतःचा रंग नसतो. तेव्हा कडू की आंबट, जळजळ की ठणका, जेवणानंतर की उपाशीपोटी, आडवे झाल्यावर की चालताना, एवढे प्रश्न स्वतःला विचारून उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. डॉक्टरांना ‘पित्ताचा त्रास आहे’ असे सांगण्यापेक्षा ही उत्तरे सांगितली तर त्यांचे काम निम्मे सोपे होते.

आम्लाची कामे

जठरातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्यकाने १८२४ मध्ये दाखवून दिले. त्याच्या दोन वर्षे आधी, अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला जवळून बंदुकीचा बार लागला होता. तो वाचला, पण त्याच्या पोटात जठरापर्यंत जाणारे एक छिद्र कायमचे राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी शल्यचिकित्सकाने त्या छिद्रातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे आणि भाजीचे तुकडे आत सोडून, ते किती वेळात विरघळतात याची पुढे कित्येक वर्षे निरीक्षणे केली आणि १८३३ मध्ये ती प्रसिद्ध केली. अन्न जठरात केवळ घुसळले जात नाही, तर रसाने रासायनिकरीत्या मोडले जाते, हे त्यातून स्पष्ट झाले.

उपाशीपोटी जठररसाचा पीएच (हा अंक जितका लहान, तितके आम्ल तीव्र) साधारण १.५ ते ३.५ यांदरम्यान असतो आणि दिवसभरात दीड ते दोन लिटर जठररस पाझरतो. हा रस घास पोटात पडण्याची वाट पाहत नाही. कढईत मोहरी तडतडली, हिंग-कढीपत्त्याचा वास घरभर पसरला की मेंदूकडून निघालेला संदेश जठराला जागे करतो. पहिला घास पोहोचण्यापूर्वीच आम्ल सुटू लागलेले असते. पुढे अन्नाने जठर ताणले गेले की ते आणखी वाढते, आणि आम्लयुक्त अन्न लहान आतड्यात उतरले की तिथून ‘आता पुरे’ असा उलटा संदेश येतो व त्याच वेळी स्वादुपिंड आम्ल शमवणारा क्षारयुक्त रस सोडते. म्हणजे आम्ल हे स्वतः पचन करते तसेच पुढच्या अवयवांना कामाला लावणारी सूचनाही असते.

प्रथिनांचे पचन करणारे पेप्सिन निष्क्रिय रूपात पाझरते आणि आम्लाच्या संपर्कात आल्यावरच कामाला लागते. डाळ, मेथी, नाचणी यांतले लोह आम्लामुळे विरघळून शोषले जाण्याजोगे होते; शाकाहारी माणसाला हे विशेष महत्त्वाचे, कारण मांसातले लोह आम्लावर तितके अवलंबून नसते. अन्नातील बी-१२ प्रथिनांना चिकटलेले असते, ते आम्ल आणि पेप्सिन मिळून सोडवतात. ज्या पेशी आम्ल तयार करतात त्याच पेशी बी-१२ च्या शोषणाला लागणारा एक घटकही तयार करतात. यांखेरीज आम्ल हे जंतूंना अडवणारे पहिले दार आहे. पटकीचा जंतू आम्लाला फार नाजूक असतो, आणि ज्यांचे आम्ल कमी झालेले असते त्यांना पटकी किंवा साल्मोनेलासारख्या जंतूंची बाधा कमी मात्रेतही होऊ शकते. पावसाळ्यात गढूळ पाणी येणाऱ्या गावांत या गोष्टीला फार अर्थ आहे.

एवढे तीव्र आम्ल जठराला जाळत नाही, कारण जठराच्या आतल्या अस्तरावर श्लेष्मल थर असतो, त्या थरात क्षार असतो आणि अस्तराच्या पेशी काही दिवसांत सतत नव्याने तयार होतात. अन्ननलिकेला असे संरक्षण नसते. म्हणून छातीत जळजळणाऱ्या बहुतेक लोकांमध्ये आम्ल ‘जास्त’ झालेले नसते. ते नेहमीइतकेच असते, फक्त अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडल्याने चुकीच्या जागी पोहोचलेले असते. हे एकदा ध्यानात आले की उपायांचा क्रम बदलतो: आधी आम्ल खाली राहील असे पाहायचे, आणि ते कमी करण्याचा विचार त्यानंतर.

थांबून विचार करावा अशी लक्षणे

छातीत दडपण आले, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाऊ लागले, दरदरून घाम आला, दम लागला, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पिऊन आडवे होऊ नये. हृदयविकाराचा झटका अनेकदा अपचनासारखा सुरू होतो. स्त्रियांत आणि मधुमेह असलेल्यांत तो छातीत न दुखता केवळ मळमळ, अस्वस्थता आणि थकवा घेऊनही येतो. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हृदयाचा आलेख काढून घ्यावा. आलेख नेहमीसारखा आला तर काहीच बिघडत नाही, पण घरी घालवलेला तास परत मिळत नाही. आम्लाच्या औषधाने बरे वाटले म्हणजे हृदय ठीक आहे, असाही निष्कर्ष काढू नये.

गिळताना घास अडकणे, कारणाशिवाय वजन उतरणे, डांबरासारखी काळी व चिकट शौचास होणे, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होणे, वारंवार उलट्या होणे, रक्तक्षय आढळणे, किंवा पन्नाशी-पंचावन्नीनंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणे, यांपैकी काहीही असेल तर गोळ्या घेऊन वाट न पाहता दुर्बिणीतून तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे. रक्ताची उलटी किंवा काळी शौचास झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, म्हणून त्या चालू असतील तर तसे सांगावे.

गोळीआधीचे उपाय

सर्वांत जास्त फरक रात्रीच्या जेवणाच्या वेळेने पडतो. जेवण आणि झोप यांत किमान तीन तास असावेत, कारण घन अन्न जठरातून उतरायला दोन ते चार तास लागतात आणि तेल-तूप जास्त असेल तर त्याहून अधिक. संकष्टी चतुर्थीला ही अडचण ठळकपणे जाणवते. दिवसभर शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, तळलेल्या चकत्या आणि चार-पाच कप चहा. मग रात्री नऊ-साडेनऊला चंद्रोदय झाल्यावर भरपेट जेवण, मोदकांसकट, आणि लगेच अंथरुणावर. ज्यांना आम्लाचा त्रास आहे त्यांनी उपवास करूच नये असे मी म्हणणार नाही. मात्र दिवसा फळे, ताक, वरीचे तांदूळ थोडे थोडे घ्यावेत, चंद्रोदयानंतर वरण-भातासारखे हलके दोन घास खाऊन उपवास सोडावा आणि उरलेले पान दुसऱ्या दिवशी वाढून घ्यावे. त्या रात्री झोपायची घाई करू नये.

रात्री जळजळ होत असेल तर पलंगाचे डोक्याकडचे दोन्ही पाय विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवून १५ ते २० सेंटिमीटर उंच करावेत. नुसत्या दोन-तीन उशा घेतल्याने मान वाकते आणि पोट दाबले जाते, त्याने उलट त्रास वाढू शकतो. खाली गादी घालून झोपणाऱ्यांनी कमरेपासून डोक्यापर्यंत उतार मिळेल अशी पाचरीच्या आकाराची उशी वापरावी. डाव्या कुशीवर झोपावे, कारण त्या स्थितीत जठराचा साठा अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतो. पोटाचा घेर वाढलेला असेल तर थोडे वजन उतरले तरी फरक जाणवतो. कमरेचा पट्टा किंवा परकराची नाडी घट्ट असू नये. तंबाखू, सिगारेट आणि दारू झडप सैल करतात.

पथ्याच्या बाबतीत मला सरसकट याद्या पटत नाहीत. एकाला मिसळ चालते आणि चहा चालत नाही, दुसऱ्याचे नेमके उलट. दोन आठवडे रोज काय खाल्ले आणि केव्हा जळजळले, हे लिहून ठेवले तर स्वतःचे पथ्य स्वतःला सापडते आणि घरातल्या प्रत्येकाला आळणी जेवायची वेळ येत नाही.

घरगुती उपायांबद्दल थोडे स्पष्ट लिहिणे गरजेचे आहे. थंड दुधाने लगेच बरे वाटते, पण दुधातील प्रथिने आणि कॅल्शियम थोड्या वेळाने आम्ल पुन्हा वाढवतात, म्हणून झोपताना पेलाभर दूध हा उपाय नव्हे. खाण्याचा सोडा किंवा फसफसणारी पावडर आम्लाशी संयोग पावून मीठ, पाणी आणि वायू तयार करते. ढेकर येतो तो त्या वायूचा. कधीतरी घ्यायला हरकत नसली तरी त्यातले सोडियम रक्तदाब, हृदय आणि मूत्रपिंड यांच्या रुग्णांना घातक ठरू शकते. आमसुलाचे सार किंवा मोरावळा ज्याला मानवतो त्याने खुशाल घ्यावा, पण दोन्ही मुळात आंबट असल्याने एखाद्याची जळजळ त्याने वाढूही शकते. घशात बोटे घालून ‘पित्त पाडण्याची’ सवय मात्र पूर्णपणे सोडावी. त्याने प्रत्येक वेळी आम्ल अन्ननलिकेतून आणि दातांवरून जाते, दातांचे आवरण झिजते आणि जोराच्या उलटीने अन्ननलिकेच्या तळाला चीर पडून रक्तस्रावही होऊ शकतो.

अंगदुखी-गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या जठराचे संरक्षक थर कमकुवत करतात आणि त्यातून व्रण होतात. पोटाच्या तक्रारीबद्दल सांगताना या गोळ्यांचा उल्लेख आवर्जून करावा; पुष्कळ रुग्ण त्यांना औषध समजतच नाहीत.

गोळी घेताना

पातळ औषध किंवा चघळण्याच्या गोळ्या तयार झालेले आम्ल शमवतात. काही मिनिटांत आराम पडतो आणि तो एक-दोन तास टिकतो. त्यातील ॲल्युमिनियमने मलावरोध होतो, मॅग्नेशियमने शौचास पातळ होते. इतर औषधे आणि हे यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. फॅमोटिडिन आम्ल तयार होण्याचा एक संदेश अडवते आणि रात्रीच्या जळजळीला उपयोगी पडते, मात्र सलग एक-दोन आठवडे घेतल्यावर तिचा प्रभाव ओसरू लागतो.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या सर्वांत प्रभावी आहेत आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने घेतल्या जातात. आम्ल तयार करणाऱ्या पेशींमध्ये आम्ल बाहेर ढकलणारे सूक्ष्म पंप असतात. ही गोळी फक्त चालू असलेले पंप बंद करते, आणि पंप चालू होतात ते जेवणाने. म्हणून गोळी नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी आणि त्यानंतर खरोखर खावे. सकाळी सहाला चहाबरोबर गोळी आणि थेट बाराला जेवण, अशी ज्यांची सवय आहे त्यांच्या बाबतीत गोळी रक्तात असते तेव्हा पंप निजलेले असतात. गोळी चावू किंवा कुटू नये, कारण आम्लात तिचा नाश होतो आणि तो टाळण्यासाठीच तिला आवरण दिलेले असते. पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. त्यामुळे लग्नाच्या पंगतीहून आल्यावर घेतलेल्या एकट्या गोळीकडून तत्काळ आरामाची अपेक्षा ठेवू नये.

साध्या जळजळीसाठी ही गोळी साधारणतः चार ते आठ आठवडे दिली जाते. डॉमपेरिडोन हे मळमळ थांबवणारे औषध मिसळलेल्या कॅप्सूल आपल्याकडे फार खपतात. डॉमपेरिडोनमुळे हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका लक्षात घेऊन युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये तिचा वापर मळमळ-उलटीपुरता आणि थोड्या दिवसांपुरता मर्यादित केला. तेव्हा उलटीचा त्रास नसेल तर साधी गोळी पुरेल का, हे विचारावे. क्लोपिडोग्रेल (रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिली जाणारी गोळी) चालू असेल तर ओमेप्राझोल टाळतात. थायरॉइडच्या गोळीचे शोषण आम्ल कमी झाल्याने घटू शकते, म्हणून आम्ल दाबणारी गोळी सुरू किंवा बंद केल्यावर काही आठवड्यांनी थायरॉइडची तपासणी करावी. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, किंवा कॅल्शियम सायट्रेटचा पर्याय विचारावा.

त्रास वारंवार उलटत असेल किंवा व्रण आढळला असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करून घ्यावी. व्रणामागे बहुधा हा जंतू असतो, हे ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवले. मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जंतूंचे द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज येते हे सिद्ध केले, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीआधी आम्ल दाबणारी गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात, नाहीतर जंतू असूनही अहवाल चुकीचा येऊ शकतो. उपचार बहुधा चौदा दिवसांचा असतो. तो अर्धवट सोडू नये, आणि संपल्यावर महिन्याभराने जंतू गेला की नाही हे पुन्हा तपासावे.

गोळी थांबवताना

सर्वांनीच ती थांबवायची असे नाही. रक्तस्राव झालेला व्रण, अन्ननलिकेची तीव्र सूज किंवा तिच्या अस्तरात झालेला बदल असणाऱ्यांनी, तसेच हृदयासाठी ॲस्पिरिन आणि रक्त पातळ करणारी दुसरी गोळी एकत्र घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने मुळीच बंद करू नये. त्यांच्यासाठी ती खरोखर जीव वाचवणारी आहे. इतरांनी आपल्या डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारावेत: ही कशासाठी, आणि कधीपर्यंत?

वर्षानुवर्षे घेतलेली गोळी एकदम बंद केली की आम्ल काही काळ पूर्वीपेक्षाही जास्त तयार होते. डेन्मार्कमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० निरोगी माणसांपैकी निम्म्यांना आठ आठवडे याच गटातील गोळी दिली आणि मग त्यांना न कळता थांबवली. त्यांच्यातील ४४ टक्के लोकांना पुढच्या चार आठवड्यांत जळजळीसारखी लक्षणे जाणवली, तर ती गोळी कधीच न मिळालेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. ज्यांना मुळात त्रासच नव्हता त्यांना तो गोळी सोडल्याने झाला. त्यामुळे दोन दिवस गोळी चुकली, जळजळले, म्हणजे गोळी आयुष्यभर हवी, हा निष्कर्ष घाईचा आहे.

वडिलांच्या डॉक्टरांनी ४० मिलिग्रॅमची गोळी आधी नाश्त्यापूर्वी घ्यायला लावली, दोन आठवड्यांनी २० वर आणली, आणखी दोन आठवड्यांनी एक दिवसाआड केली आणि मग थांबवली. मधल्या काळात जळजळले तर चघळण्याची गोळी घ्यायची, असे ठरले. बंद केल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना तीन रात्री झोप लागली नाही. पलंगाखाली विटा ठेवल्या, रात्रीचे जेवण साडेसातला आणले आणि पाचव्या आठवड्यानंतर चघळण्याच्या गोळीची आठवणही राहिली नाही. बी-१२ गोळीच्या रूपात सुरू केले. गोळीतले बी-१२ प्रथिनाला चिकटलेले नसल्याने ते सुटे करायला आम्लाची गरज लागत नाही. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांनी बी-१२, लोह आणि पायात वांब येत असतील तर मॅग्नेशियमही तपासून घ्यावे.

थांबवल्यावर चार-सहा आठवडे उलटूनही आठवड्यातून दोन-तीनदा जळजळ होत असेल, तर गोळी पुन्हा सुरू करावी लागण्यात काही कमीपणा नाही. मात्र त्या वेळी सर्वांत कमी पुरेशी मात्रा कोणती, हे डॉक्टरांबरोबर बसून ठरवावे आणि सुरू केल्याची तारीख, कारण व पुढच्या तपासणीची तारीख पट्टीच्या खोक्यावर पेनने लिहून ठेवावी.